झूम लेन्सवरचे आकडे आणि घरातले चेहरे

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स थोडे दिवस वापरली की दोन तक्रारी हमखास सुरू होतात. एक, संध्याकाळी घरात काढलेले फोटो हललेले तरी येतात नाहीतर दाणेदार तरी. दोन, चेहरा छान येतो पण मागचं कपाट, पडदा, स्विचबोर्ड सगळं तितकंच ठसठशीत दिसतं. मग नवी झूम लेन्स घ्यायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो: झूम किती पट आहे?

घरच्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर हा प्रश्न सोडून द्या. १८-३०० ची लेन्स जवळजवळ १७ पट झूम देते, २४-७० ची तीन पटही देत नाही. तरी चेहरे टिपणारी मंडळी दुसरीच्याच मागे असतात. 'किती पट' हा नुसता दोन टोकांचा भागाकार आहे. त्यावरून फोटो कसा येईल याचा काही पत्ता लागत नाही. विचारायचं ते असं: मी चेहरे कोणत्या फोकल लेंथला (लेन्सवरचा मि.मी. चा आकडा; जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं) काढणार, आणि तिथे पोचल्यावर ही लेन्स किती उघडते? पुढचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवतीच फिरतो.

जाता जाता एक गंमत. ३५ मि.मी. फिल्मच्या स्टिल कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स म्हणजे १९५९ सालची फॉइग्टलँडर झूमर. ३६ ते ८२ मि.मी., एफ/२.८. (एफचा आकडा लेन्स किती उघडते ते सांगतो; जितका लहान तितकी ती जास्त उघडते.) आज मोठ्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चकती) फुल फ्रेम कॅमेऱ्यावर घरगुती फोटोंसाठी जी २८-७५ एफ/२.८ सर्रास सुचवली जाते, तिचे आकडे याच्या आसपासच आहेत. माणसं तीच, खोल्या तेवढ्याच, म्हणून गरजही फारशी बदललेली नाही.

नाक मोठं का दिसतं

'८५ मि.मी. ला चेहरा सुंदर येतो' असं आपण ऐकतो. खरं तर चेहऱ्याचा आकार लेन्स ठरवत नाही, तुम्ही किती लांब उभे आहात ते ठरवतं. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १० सें.मी. पुढे असतं असं धरू. कॅमेरा नाकापासून ५० सें.मी. वर असेल तर कान ६० सें.मी. वर आले. म्हणजे कानांच्या तुलनेत नाक २० टक्के मोठं उमटणार. आता दोन मीटरपर्यंत मागे या. नाक २०० वर, कान २१० वर, फरक फक्त ५ टक्के. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पुढे का येतं आणि कान मागे का लपतात, याचं उत्तर एवढंच आहे. त्यात लेन्सचा दोष नाही.

मग फोकल लेंथ कशाला हवी? दीड-दोन मीटरवर उभं राहून चेहरा आणि खांदे फ्रेमभर यावेत म्हणून. फुल फ्रेम सेन्सरवर, म्हणजे ३६ × २४ मि.मी. च्या, हे काम ८५ ते १३५ मि.मी. मध्ये सुखाने होतं. उभ्या फ्रेममध्ये ६० सें.मी. उंचीचा भाग घ्यायचा तर ८५ मि.मी. ला तुम्ही साधारण दीड मीटरवर उभे असता. बोलता येईल इतके जवळ, पण समोरच्याच्या तोंडावर आदळणार नाही इतके लांब. सोनी, निकॉन, फुजीच्या एपीएस-सी या लहान सेन्सरवर दीडने भागा: ५६ ते ९०. कॅननच्या एपीएस-सीला १.६ ने. त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरला निम्मं करा: ४२ ते ६७.

आता किट लेन्सचं ५५ हे टोक पाहा. एपीएस-सीवर ते पोर्ट्रेटच्या पट्ट्याच्या उंबऱ्यावरच थांबतं. म्हणजे फोकल लेंथ अगदीच वाईट नाही. अडचण दुसरीकडे आहे. तिकडे येतोच.

दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं, कारण घराला भिंती असतात. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो ८५ मि.मी. ला घ्यायचा तर फुल फ्रेमवर पाच मीटर मागे जावं लागतं. किती खोल्यांत पाच मीटर मोकळे असतात? तोच फोटो ३५ मि.मी. ला दोन मीटरवरून येतो. तीन मीटर रुंद पसरलेला कुटुंबाचा घोळका ५० मि.मी. ला चार मीटरच्या पुढून घ्यावा लागतो, ३५ ला तीन मीटरवरून आणि २४ ला दोन मीटरवरून. प्राइम लेन्सवाले (प्राइम म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंथची लेन्स) 'पायांनी झूम करा' म्हणतात तेव्हा त्यांच्या मागे भिंत नसते.

मात्र २४ ला घोळका घेताना कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे बाजूला ताणले जातात. वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते आणि त्याची किंमत कडेची माणसं मोजतात. जागा असेल तर मागे सरकून ३५ ला घ्या. नसेल तर दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडा आणि अंगाने भारी माणसांना मधे घ्या. कडेला कोणीतरी सडपातळ उभं राहू दे. फोटो बघून कुणी रुसणार नाही.

लेन्सचं भोक मि.मी. मध्ये मोजा

लेन्सवरचा एफ-नंबर म्हणजे फोकल लेंथ भागिले उघडलेल्या भोकाचा व्यास. उलटं केलं तर फोकल लेंथला एफ-नंबरने भागलं की भोक किती मि.मी. चं आहे ते कळतं. हा भागाकार जाहिरातीत कुठे लिहिलेला नसतो, पण पोर्ट्रेटसाठी लेन्स निवडताना माझ्या मते याच्याइतकं कामाचं दुसरं गणित नाही. कारण चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला आणि मागचं दृश्य बरंच लांब असलं, तर मागची धूसरता जवळजवळ एकट्या या व्यासावर ठरते. सेन्सर कोणता, लेन्स कोणत्या कंपनीची, याचा त्याच्याशी संबंध राहत नाही.

किट लेन्स घ्या. ५५ ला ती एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५५ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम १० मि.मी. भोक. म्हणून मागचं कपाट ठसठशीत. त्याच कॅमेऱ्यावर १७-५० एफ/२.८ लावली तर ५० ला भोक १८ मि.मी. चं होतं. फरक लगेच डोळ्यांत भरतो. साधी ५० मि.मी. एफ/१.८ प्राइम लावली तर २८. आणि फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ६-७ मि.मी. असते. एफ/१.८ ला त्याचं भोक चार मि.मी. पर्यंतच जातं. फोनला पोर्ट्रेट मोडमध्ये धूसरता हिशेब करून रंगवावी का लागते, ते इथे कळतं. केसांच्या कडा आणि चष्म्याच्या काड्या तो मधूनच खाऊन टाकतो, तेही त्यामुळेच.

आता फुल फ्रेमवाल्यांचा जुना वाद: २४-७० एफ/२.८ की २४-१०५ एफ/४? पहिलीचं नाव मोठं, वजन मोठं. पण ७० ला एफ/२.८ म्हणजे २५ मि.मी. आणि १०५ ला एफ/४ म्हणजे २६ मि.मी. बागेत, गच्चीवर, मैदानात, जिथे मागचं दृश्य लांब आहे, तिथे दोघींच्या पोर्ट्रेटमधली धूसरता सारखीच. उलट १०५ ला तुम्ही थोडे मागे उभे राहता, त्यामुळे चेहऱ्याचं प्रमाणही जास्त बरं येतं.

आणखी एक उदाहरण लोकांना पटत नाही. एपीएस-सी कॅमेऱ्यांबरोबर दुसरी म्हणून मिळणारी ५५-२५० एफ/४-५.६ ही हलकीफुलकी लेन्स 'काळोखी' म्हणून हिणवली जाते. पण २५० ला एफ/५.६ म्हणजे भोक जवळजवळ ४५ मि.मी.! दिवसाउजेडी मैदानात खेळणाऱ्या पोराचा चेहरा साडेसहा मीटरवरून घेतलात, तर मागची झाडं अशी विरघळतात की लेन्स कोणती ते कोणी ओळखणार नाही. ज्यांच्याकडे ती लेन्स कपाटात पडून आहे, त्यांनी नवी घेण्याआधी तिला एकदा बाहेर न्यावं.

एक पुस्ती जोडायला हवी. हे गणित मागचं दृश्य लांब असतानाचं आहे. घरात भिंत मागे मीटरभरावर असते, तेव्हा लांबून काढलेल्या फोटोत ती तेवढी धूसर होत नाही. भोक तेवढंच असलं तरी. तिथे ७० एफ/२.८ ही १०५ एफ/४ ला थोडी मागे टाकते. पण भिंतीचा इलाज लेन्समध्ये शोधण्याआधी माणसाला हलवा. ७० मि.मी. एफ/२.८ ला चेहरा-खांदे घेताना माणूस भिंतीपासून अर्ध्या मीटरवर होता, त्याला दोन मीटर पुढे आणलं, तर मागची धूसरता दुपटीहून थोडी जास्त होते. एफ/२.८ वरून एफ/१.४ ला जाऊन जे मिळालं असतं, ते खुर्ची ओढून मिळालं.

धूसरता एक, उजेड दुसरा

वरचं भोकाचं गणित वाचून कोणी घरातल्या फोटोंसाठीही ५५-२५० उचलेल, म्हणून हे वेगळं सांगतो. धूसरता व्यासावर ठरते, पण सेन्सरवर पडणारा उजेड एफ-नंबरवरच ठरतो. एफ/५.६ पेक्षा एफ/४ दुप्पट उजेड घेते, एफ/२.८ चौपट.

रात्री दिवे लावलेल्या खोलीत एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० अशी जुळणी साधारण बसते. किट लेन्सच्या लांब टोकाला, एफ/५.६ ला, तोच फोटो हवा असेल तर दोन वाटा आहेत. आयएसओ ६४०० करा, म्हणजे दाणे वाढले. किंवा शटर १/३० वर आणा, म्हणजे फोटो हलला. लेखाच्या सुरुवातीची पहिली तक्रार नेमकी हीच.

इथे दुकानदार सांगतात, 'या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे, काळजी नको.' स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं. पोराचं धावणं नाही. १/३० ला खुर्ची, टेबल, भिंतीवरचं घड्याळ लखलखीत येईल आणि त्यात पोराच्या हाताचा फराटा. निवांत बसलेल्या आजीला १/१२५ पुरतं, बोलता बोलता मान हलवणाऱ्याला १/२५० लागतं, पळणाऱ्या पोराला १/५०० आणि त्यापुढे. घरात लहान मूल असेल तर स्टॅबिलायझेशन असलेली एफ/५.६ आणि नसलेली एफ/२.८ यांत मी डोळे झाकून दुसरी घेईन. घरात सगळी शांत बसणारी मोठी माणसं असतील तर एवढा आग्रह धरणार नाही.

लेन्सवर ३.५-५.६ असे दोन आकडे असतात तेव्हा पहिल्या आकड्याला भुलू नका. तो फक्त वाइड टोकाचा आहे. झूम करू लागलं की लेन्स मिटत जाते. १८-५५ ही ३५ ला साधारण ४.५ वर आलेली असते. १८-३०० सारख्या लेन्स पन्नाशीला पोचेपर्यंतच पाचच्या आसपास जातात. एकाच लेन्समध्ये सगळं जग हवं असलेल्या प्रवाशाला त्या सोयीच्या आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. दिव्यांच्या उजेडातल्या चेहऱ्यांसाठी मात्र त्या घेऊ नयेत. किट लेन्सची जी अडचण होती तीच जास्त वजनासकट परत घरी येते.

मग घ्यायची कोणती

एपीएस-सी कॅमेरा असेल तर निर्णय सोपा आहे. अखंड एफ/२.८ ची, म्हणजे झूम केलं तरी न मिटणारी, १६-१७-१८ ला सुरू होऊन ५० ते ७० ला संपणारी झूम. सिग्माची १८-५० एफ/२.८ फक्त २९० ग्रॅमची आहे. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ जवळजवळ दुप्पट, ५२५ ग्रॅम, पण ७० ला तिचं भोक २५ मि.मी. होतं आणि फोकल लेंथ पोर्ट्रेटच्या पट्ट्यात बरोबर मध्ये येते. चेहरे हा मुख्य उद्देश असेल तर मी दुसरीकडे झुकेन. कॅमेरा रोज पिशवीत ठेवायचा असेल तर पहिलीकडे. अर्थात तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटला (लेन्स जोडायच्या खाचेला) ती मिळते का, ते आधी बघा. सगळ्या लेन्स सगळ्या माउंटना येत नाहीत.

फुल फ्रेमवर माझं मत थोडं उलट्या दिशेने जातं. बहुतेक सल्लागार २४-७० एफ/२.८ वर येऊन थांबतात. व्यावसायिक कार्यक्रम टिपणाऱ्याला ती हवीच, कारण त्याला लेन्स बदलायला वेळ नसतो. घरच्यांचे फोटो काढणाऱ्याला तो असतो. त्यामुळे २४-१०५ एफ/४ किंवा निकॉनची २४-१२० एफ/४ सारखी लांब झूम, आणि जोडीला ३५ किंवा ५० मि.मी. ची छोटी एफ/१.८ प्राइम, ही जोडी घरात जास्त कामाला येते. बाहेर आणि दिवसा झूम. दिवे लागले की प्राइम. ती एफ/४ च्या जवळजवळ पाचपट उजेड घेते. कोणत्याही झूमने ही तफावत भरून काढायची म्हटली तर कॅननच्या २८-७० एफ/२ सारखं धूड हातात धरावं लागतं, आणि ते १४३० ग्रॅमचं आहे.

दोन लेन्सचा खटाटोप नको असेल तर टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८, ५४० ग्रॅम. २४ ऐवजी २८ ला सुरू होते एवढीच तडजोड. लहान खोल्या असतील तर हे चार मि.मी. वाटतात त्यापेक्षा जास्त जाणवतात. ७०-२०० बद्दल फार लिहीत नाही. शाळेचं मैदान आणि रंगमंच असेल तर उत्तम, घरात बहुतेक वेळा ती भिंतीशी भांडते.

वजनाला कमी लेखू नका. घरगुती फोटोंचे क्षण ठरवून येत नाहीत. कॅमेरा टेबलावर असेल आणि एका हाताने उचलता येत असेल तरच तो क्षण मिळतो. लेन्सच्या परीक्षणांत कोपऱ्यांच्या तीक्ष्णतेवर लांबलचक चर्चा असते. चेहऱ्याच्या फोटोत कोपऱ्यात धूसर पडदा असतो, त्याची तीक्ष्णता कोण तपासणार? ती चर्चा सरळ गाळून वाचा. ऑटोफोकसचा परिच्छेद मात्र दोनदा वाचा. नवे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात, पण जुन्या लेन्सची मोटर सुस्त असेल तर कॅमेऱ्याला डोळा दिसूनही उपयोग नसतो. तोपर्यंत पोरगं पुढच्या खोलीत गेलेलं असतं.

एफ/२.८ हाती आल्यावर प्रत्येक फोटो त्यावरच काढायचा मोह होतो. फुल फ्रेमवर ७० मि.मी. ला चेहरा-खांदे घेताना एफ/२.८ ला फोकसची खोली साधारण पाच सें.मी. असते. जवळचा डोळा स्वच्छ, कान धूसर. एकट्याच्या फोटोत हे गोड दिसतं. आजीच्या मांडीवर नात असेल तर दोघींपैकी एकीचाच चेहरा स्वच्छ येतो. तिथे दोघींचे चेहरे एका रेषेत आणा आणि एफ/५.६ ला या. खोली दहा सें.मी. होते. गंमत अशी की मोठ्या घोळक्याला तितकं मिटावं लागत नाही. तीन मीटर रुंद फ्रेममध्ये एफ/४ ला दीड मीटरहून जास्त खोली मिळते. दोन रांगा त्यात आरामात बसतात.

पैसे मोजण्याआधी एक काम करा. तुमच्या जुन्या फोटोंमध्ये प्रत्येक फोटोची फोकल लेंथ नोंदलेली असते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याप्रमाणे फोटो वेगळे करून पाहता येतात. त्यातले फक्त आवडलेले, ठेवलेले फोटो बघा. बरेचसे ५५ वर साचलेले दिसले तर '५५ पुरतं' असा अर्थ काढू नका. तुम्ही टोकाला जाऊन अडकत होता, तुम्हाला आणखी पुढे जायचं होतं. १८ वर साचले असतील तर तेच उलट दिशेने. मधेच कुठेतरी, ३५-४० ला, ढीग दिसला तर कदाचित झूमची गरजच नाही, एक प्राइम पुरेल. त्याच फोटोंचा आयएसओही पाहा. निम्म्याहून जास्त फोटो ३२०० च्या वर असतील तर तुम्हाला लांब टोक नको आहे, उजेड हवा आहे.

मग दुकानात किंवा लेन्स असलेल्या मित्राकडे जाताना स्वतःचा कॅमेरा न्या. लेन्स लांब टोकाला नेऊन पूर्ण उघडा, समोरच्याच्या डोळ्यावर फोकस करा आणि त्याला हळूहळू तुमच्याकडे चालत यायला सांगा. पाच-सात फोटो घ्या आणि स्क्रीनवर पापण्यांपर्यंत मोठे करून बघा. खिडकीपाशी नाही, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. झूम रिंग एका बोटाने फिरते का, आणि लेन्स खाली धरली की आपोआप सरकून लांब होते का, तेही तिथेच बघून घ्या. जुनी लेन्स असेल तर मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण दिसले तर काही बिघडत नाही.